पंचाविना खेळ

कबड्डीच्या मैदानात चढाई करणाऱ्या खेळाडूचा दम तुटला, की पंच शिटी वाजवतो आणि खेळाडूला बाहेर जावे लागते. क्रिकेटमध्ये चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती विसावला, की सर्वांचे डोळे पंचाच्या बोटाकडे लागतात. खो-खो, हॉकी, फुटबॉल, कुस्ती, कोणताही खेळ घेतला तरी खरे-खोटे निवडणारा कोणीतरी माणूस जवळ उभा असतोच. तो नसेल तर खेळाचे भांडण होण्यास वेळ लागत नाही, हा अनुभव प्रत्येक गल्लीतील मुलांना आहे. असे असूनही जगात एक खेळ असा आहे, की जो बहुधा पंचाशिवायच खेळला जातो आणि तरीही शेकडो वर्षे सुरळीत चालला आहे. तो खेळ म्हणजे गोल्फ.

गोल्फचे मैदान म्हणजे चार रेषांनी आखलेला चौकोन नव्हे. ते शंभर-दीडशे एकरांत पसरलेले असते. त्यात टेकाडे असतात, झाडी असते, ओढे आणि तळी असतात, वाळूचे खड्डे असतात. एका खेळाडूचा चेंडू डाव्या हाताच्या झाडीत, तर दुसऱ्याचा उजव्या हाताच्या उंच गवतात, असे वारंवार घडते. मोठ्या स्पर्धांत नियम सांगणारे अधिकारी असतात. परंतु तेही प्रत्येक चेंडूपाशी उभे राहू शकत नाहीत. झाडाच्या बुंध्याआड पडलेला चेंडू पायाच्या अंगठ्याने हळूच मोकळ्या जागी सरकवला, तर ते कोणाला दिसणार? गवतात मारलेला एक फुकट टोला मोजलाच नाही, तर तो कोण मोजणार? अशा ठिकाणी खेळाडूला आवर घालणारा एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे खेळाडू स्वतः. म्हणूनच गोल्फमध्ये शिष्टाचार हा शोभेचा अलंकार मानला जात नाही. घराच्या भिंतींना जसा पाया, तसा या खेळाला शिष्टाचार.

या खेळाचा जन्म स्कॉटलंडमध्ये झाला. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांचा व आखूड गवताचा पट्टा आहे. पिकाला निरुपयोगी असलेल्या या भूमीला तेथील लोक ‘लिंक्स’ म्हणत. येथेच गोल्फ वाढला. या खेळाचे वेड इतके पसरले, की इ. स. १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. तरुणांनी धनुर्विद्येचा सराव करावा, राज्याचे रक्षण करावे, खेळात वेळ दवडू नये, असा त्यामागील हेतू होता. बंदी आली आणि गेली. खेळ मात्र राहिला.

पुढे १७४४ मध्ये एडिंबरो शहराजवळील लीथ येथे चांदीच्या काठीच्या पारितोषिकासाठी स्पर्धा ठरली. त्या निमित्ताने तेथील खेळाडूंनी तेरा नियम लिहून काढले. गोल्फचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने लेखी नियम ते हेच. ज्याचा चेंडू लक्ष्यापासून सर्वांत दूर असेल त्याने आधी खेळावे, असे त्यांत सांगितले आहे. चेंडू प्रामाणिकपणे लक्ष्याकडेच मारावा, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूला मुद्दाम धक्का देण्यासाठी मारू नये, असेही त्यांत बजावले आहे. प्रामाणिकपणाचा उल्लेख या पहिल्या तेरा नियमांतच व्हावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्कॉटिश लोक जेथे गेले तेथे आपला खेळ घेऊन गेले. भारतात १८२९ मध्ये कोलकात्यास गोल्फ क्लब स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेरील गोल्फ क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. मुंबईत चेंबूर येथील क्लब १९२७ मध्ये स्थापन झाला. पुणे आणि नाशिक येथेही गोल्फची मैदाने आहेत. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत अदिती अशोक ही भारतीय तरुणी चौथी आली, तेव्हा ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता अशा घरांतूनही त्याची चर्चा झाली.

शिष्टाचार समजण्यासाठी आधी खेळाची रीत थोडक्यात पाहिली पाहिजे. पूर्ण मैदानात अठरा लक्ष्ये असतात. प्रत्येक लक्ष्य म्हणजे जमिनीतील एक वाटोळे भोक. त्याची रुंदी १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच असते. त्याला ‘होल’ म्हणतात. दुरून ते दिसावे म्हणून त्यात निशाणाची काठी रोवलेली असते. खेळाडू ‘टी’ नावाच्या ठरावीक जागेवरून पहिला टोला मारतो. तेथून होलपर्यंत कापलेल्या गवताचा जो रुंद पट्टा असतो, तो ‘फेअरवे’. त्याच्या दोन्ही बाजूंचे उंच गवत म्हणजे ‘रफ’. वाटेत वाळूचे खड्डे असतात, ते ‘बंकर’. होलच्या भोवती गालिच्यासारखी मऊ, अगदी बारीक कापलेली हिरवळ असते, ती ‘ग्रीन’. चेंडू मारण्याच्या काठीस ‘क्लब’ म्हणतात आणि एका फेरीत खेळाडूला असे चौदापर्यंत क्लब जवळ बाळगता येतात.

खेळण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अठराही होलचे सर्व टोले मोजतात आणि ज्याचे टोले सर्वांत कमी तो जिंकतो. दुसऱ्यात दोन पक्ष समोरासमोर असतात आणि अधिक होल जिंकणारा पक्ष विजयी होतो. कोणत्याही प्रकारात चेंडू जेथे पडला असेल तेथूनच मारावा, मैदान जसे असेल तसेच स्वीकारावे, हे मूलतत्त्व होय. चेंडू चिखलात पडला म्हणून कुरकुर करून उपयोग नाही.

आता शिष्टाचाराकडे वळू. त्यातील पहिली बाब सुरक्षिततेची. गोल्फचा चेंडू दिसावयास लहान, पण चांगल्या खेळाडूच्या टोल्याने तो ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. असा चेंडू डोक्यास लागला तर प्राणावर बेतू शकते. म्हणून पुढे गेलेली मंडळी आपल्या टोल्याच्या पल्ल्याबाहेर जाईपर्यंत कोणीही चेंडू मारू नये. क्लब फिरवण्यापूर्वी आजूबाजूस कोणी उभे नाही ना, हे पाहावे. नुसता सराव म्हणून क्लब फिरवतानाही तो माणसांच्या रोखाने फिरवू नये. इतके करूनही चेंडू एखाद्याच्या दिशेने गेलाच, तर खेळाडूने तत्काळ मोठ्याने ‘फोर!’ अशी आरोळी दिली पाहिजे. ही आरोळी ऐकताच मैदानावरील माणसे डोके हातांनी झाकून खाली वाकतात. आपला टोला चुकला हे गावभर कळेल, या लाजेने जो गप्प बसतो, तो आपल्या अभिमानापायी दुसऱ्याचे डोके धोक्यात घालतो.

दुसरी बाब शांततेची. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो. हलावयाचे असते ते खेळाडूच्या अंगाने. त्यामुळे क्षणभराच्या एकाग्रतेवर सर्व काही अवलंबून असते. दुसरा खेळाडू टोला मारण्याच्या पवित्र्यात उभा राहिला, की इतरांनी बोलणे थांबवावे, हालचाल करू नये आणि त्याच्या नजरेच्या रेषेत उभे राहू नये. खिशातील मोबाइल वाजू देऊ नये. ग्रीनवर तर अधिक जपावे लागते. तेथे चेंडू जमिनीवरून हळुवार घरंगळत होलकडे जातो. त्याच्या वाटेवर पाऊल पडले तर गवत दबते आणि चेंडूची दिशा बदलू शकते. म्हणून दुसऱ्याच्या चेंडूची वाट ओलांडावयाची झाल्यास वळसा घालून जावे. इतकेच काय, आपली सावलीही त्या वाटेवर पडू देऊ नये. ज्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या वाटेवर सावली पडू नये म्हणून माणूस दोन पावले मागे सरतो, त्या खेळाने माणसाला किती बारीक जपणूक शिकवली असेल!

तिसरी बाब क्रमाची. मागच्या होलवर ज्याने सर्वांत कमी टोल्यांत चेंडू आत घातला, त्याला पुढच्या टीवर पहिल्या टोल्याचा मान मिळतो. त्यानंतर ज्याचा चेंडू होलपासून सर्वांत दूर, तो आधी खेळतो. लीथचा तो जुना नियम आजही जिवंत आहे. तथापि रूढी कशासाठी आहे, हे विसरून ती पाळण्यात अर्थ नसतो. २०१९ मध्ये गोल्फचे नियम मोठ्या प्रमाणावर सोपे करण्यात आले. तेव्हा टोले मोजण्याच्या प्रकारात, धोका नसेल तर जो तयार असेल त्याने आधी खेळण्यास उत्तेजन देण्यात आले. याचे कारण चौथ्या बाबीत आहे.

ही चौथी बाब म्हणजे दुसऱ्याच्या वेळेची कदर. अठरा होलची एक फेरी पुरी होण्यास साधारणतः चार तास लागतात. एकाच वेळी मैदानावर अनेक गट एकामागून एक खेळत असतात. एक गट रेंगाळला, की अरुंद रस्त्यावर बैलगाडी अडावी आणि मागे वाहनांची रांग लागावी, तशी मागच्या सर्वांची स्थिती होते. म्हणून आपली पाळी येण्यापूर्वीच टोल्याचा विचार करून ठेवावा. पाळी आल्यावर चाळीस सेकंदांच्या आत टोला मारावा, अशी शिफारस नियमांतच आहे. हरवलेला चेंडू शोधण्यास पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून ती मुदत तीन मिनिटांवर आली. मागचा गट अधिक वेगाने खेळत असेल, तर त्याला हाताने खूण करून पुढे जाऊ द्यावे. होलमध्ये चेंडू पडल्यावर ग्रीनवरच उभे राहून आकडे लिहीत बसू नये. पुढच्या टीकडे जाऊन ते काम करावे.

पाचवी बाब मैदानाच्या निगेची, आणि या बाबीत माणसाची खरी पारख होते. जोराच्या टोल्याने कधीकधी मातीसह गवताचा तुकडा उडून पडतो. त्याला ‘डिव्हट’ म्हणतात. खेळाडूने तो तुकडा उचलून आणावा, जागेवर बसवावा आणि पायाने दाबावा. किंवा क्लबने तशी सोय केली असेल तर त्या खळग्यात वाळू भरावी. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर आपटला, की लहानसा खड्डा पडतो. दोन दातांच्या छोट्या काट्याने त्याच्या कडा मध्याकडे ओढून तो बुजवावा. बंकरमधून चेंडू काढल्यावर वाळूत पावलांचे व टोल्याचे ठसे राहतात. बंकरजवळ ठेवलेल्या दाताळ्याने ती वाळू सपाट करून मगच पुढे जावे.

हे सारे कोणासाठी? ज्याने खड्डा पाडला त्याला त्याचा काहीच त्रास होत नाही. तो तर पुढे निघून जातो. त्रास होतो मागून येणाऱ्याला. त्याचा चेंडू त्या ठशात पडतो आणि त्याचा दोष नसताना टोला वाया जातो. हा मागून येणारा माणूस बहुधा अनोळखी असतो. त्याचे नाव ठाऊक नसते आणि तो कधी आभार मानावयास येणार नसतो. आपल्याकडे समंजस शेतकरी शेजाऱ्याच्या शेतातून जाताना उघडलेले फाटक पुन्हा लावून घेतो, ते कोणी पाहत आहे म्हणून नव्हे. न पाहिलेल्या माणसासाठी वाळू सपाट करणे हे त्याच जातीचे काम आहे.

सहावी बाब सोबत्यांशी वागण्याची. खेळाडूची क्लबांची पिशवी वाहणारा आणि त्याला मैदानाची माहिती सांगणारा जो साहाय्यक असतो, त्याला ‘कॅडी’ म्हणतात. आपला टोला चुकला म्हणून कॅडीवर डाफरणे, रागाने क्लब जमिनीवर आपटणे, तोंडाने अपशब्द काढणे ही असभ्यतेची लक्षणे समजली जातात. कॅडी हा ओझे वाहणारा असला, तरी पुष्कळदा खेळाचे ज्ञान त्याला मालकाहून अधिक असते. दिल्लीचे अली शेर हे आधी कॅडीचे काम करीत. त्याच अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत. पिशवी उचलणाऱ्या हातांत किती कौशल्य दडलेले असते, हे सांगण्यास दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही.

येथवर ज्या गोष्टी सांगितल्या त्या बऱ्याचशा शिकवण्याने येतात. परंतु या सर्वांच्या मुळाशी जो प्रामाणिकपणा आहे, तो कसा येतो? याचे उत्तर बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूच्या चरित्रात सापडते.

जोन्सचा जन्म १९०२ मध्ये झाला. लहानपणापासून तो विलक्षण कुशल होता, परंतु तितकाच तापट होता. टोला बिघडला की तो संतापाने क्लब फेकून देत असे. १९२१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठी गेला. हे गाव म्हणजे गोल्फची पंढरीच. तिसऱ्या फेरीत जोन्सचा खेळ बिघडत गेला. अकराव्या होलपाशी त्याचा चेंडू बंकरमध्ये पडला आणि काही केल्या बाहेर निघेना. तेव्हा रागाच्या भरात त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धाच सोडून दिली. खेळ वाईट होणे हा दोष नव्हे. पण तो अर्धवट टाकणे हा यजमानांचा, सोबत्यांचा आणि खेळाचा अपमान होता. जोन्सला या वागण्याचा पुढे आयुष्यभर पश्चात्ताप वाटत राहिला. या लाजेतूनच त्याने स्वतःला घडवण्यास आरंभ केला.

चार वर्षे लोटली. १९२५ मध्ये अमेरिकेतील वुस्टर येथे यू. एस. ओपन स्पर्धा चालू होती. पहिल्या फेरीत, पुन्हा अकराव्याच होलवर, जोन्सचा चेंडू ग्रीनजवळच्या उतारावरील गवतात पडला. टोला मारण्यासाठी तो पवित्रा घेत असताना चेंडू किंचित हलला. त्या वेळच्या नियमानुसार अशा प्रसंगी एक टोला दंड म्हणून वाढवावा लागे. चेंडू हललेला दुसऱ्या कोणालाही दिसला नव्हता. जोन्सने स्वतःच ते सांगितले. अधिकाऱ्यांनी चौकशी केली. कोणीच साक्ष देऊ शकेना. अखेर निर्णय त्यांनी जोन्सवरच सोपवला. जोन्सने आपल्या नावावर एक टोला वाढवून घेतला.

स्पर्धेच्या शेवटी जोन्स आणि विली मॅकफार्लेन यांचे टोले समसमान झाले. त्यांच्यात निकालाची जादा फेरी झाली. तीही बरोबरीत सुटली. मग दुसरी जादा फेरी खेळवण्यात आली. तीत मॅकफार्लेन एका टोल्याने जिंकला. जोन्सने तो दंड घेतला नसता, तर जादा फेरीची वेळच आली नसती. विजेतेपद सरळ त्याच्याकडे आले असते. लोक त्याच्या सचोटीची वाहवा करू लागले, तेव्हा त्याला ते रुचले नाही. बँक लुटली नाही म्हणून कोणी कोणाची स्तुती करते का, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. प्रामाणिकपणा ही पराक्रमाची गोष्ट नसून रोजच्या श्वासासारखी साधी गोष्ट असली पाहिजे, हा त्या उत्तराचा आशय. ज्या मुलाने १९२१ मध्ये चेंडू उचलून मैदान सोडले होते, त्याच मुलाने १९२५ मध्ये हे करून दाखवले. सद्गुण जन्मासोबत येत नाहीत, ते अंगी बाणवावे लागतात, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

स्वतःशी प्रामाणिक राहणे ही एक पायरी झाली. प्रतिस्पर्ध्याचे मन राखणे ही त्यापुढील पायरी. १९६९ मध्ये इंग्लंडमधील रॉयल बर्कडेल येथे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात रायडर चषकाचा सामना झाला. शेवटची लढत अमेरिकेचा जॅक निक्लॉस आणि इंग्लंडचा टोनी जॅकलिन यांच्यात होती. ती शेवटच्या होलवर आली तेव्हा दोघे बरोबरीत होते आणि दोन्ही संघांचे गुणही समान होते. निक्लॉसने आपला चेंडू होलमध्ये घातला. जॅकलिनचा चेंडू दोन-तीन फुटांवर राहिला होता. एवढ्या अंतरावरून सहसा चूक होत नाही; पण अशा दडपणाखाली थोरांचेही हात कापतात. जॅकलिन चुकता तर अमेरिका जिंकली असती आणि त्याच्या माथी जन्माचा ठपका आला असता. समोरासमोरच्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचा शेवटचा टोला न खेळताच मान्य करण्याची मुभा असते. निक्लॉसने ती मुभा घेतली. त्याने जॅकलिनच्या चेंडूजवळील खूण उचलून त्याच्या हाती दिली आणि सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. रायडर चषकाच्या इतिहासातील ही पहिली बरोबरी. निक्लॉसच्या संघातील काहींना हे औदार्य आवडले नाही. चषक आधीपासून अमेरिकेकडे असल्यामुळे तो तिच्याकडेच राहिला, हे खरे. परंतु पुष्कळांना आज त्या वर्षीचे गुण आठवत नाहीत, निक्लॉसचा तो वाकलेला हात आठवतो.

तिसरी कसोटी याहूनही अवघड असते. ती म्हणजे आपले नुकसान झाले असता दुसऱ्याला दोष न देण्याची. टोले मोजण्याच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचे आकडे त्याचा सहखेळाडू लिहितो आणि फेरी संपल्यावर ज्याचा तो ते तपासून सही करतो. १९६८ मध्ये अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचा रॉबर्टो दे व्हिसेंझो अप्रतिम खेळला. त्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. सतराव्या होलवर त्याने तीनच टोले घेतले होते, पण सहखेळाडूने चुकून चार लिहिले. दे व्हिसेंझोने घाईत ते न पाहताच सही केली. नियम असा, की प्रत्यक्षाहून अधिक आकड्यावर सही झाली तर तो अधिक आकडाच कायम होतो. सर्व जगाने तीन टोले पाहिले होते, तरी चार धरले गेले. बॉब गोल्बीशी होणारी बरोबरी गेली, जादा फेरीची संधी गेली आणि एका टोल्याने विजेतेपद हुकले. दे व्हिसेंझोने सहखेळाडूवर आगपाखड केली नाही, अधिकाऱ्यांशी वादही घातला नाही. सही आपली होती, म्हणून मूर्खपणाही आपलाच, असे म्हणून त्याने सर्व दोष स्वतःकडे घेतला. पुढे १९७० मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याला खिलाडूवृत्तीचा सन्मान दिला. त्या सन्मानाला नाव आहे बॉबी जोन्सचे.

पूर्वी गोल्फच्या नियमपुस्तकात शिष्टाचाराचा भाग उपदेशाच्या रूपाने वेगळा छापलेला असे. २०१९ पासून त्याचे सार पहिल्याच नियमात आले आहे. खेळाडूने सचोटीने वागावे, इतरांचा विचार करावा आणि मैदानाची काळजी घ्यावी, अशी अपेक्षा त्यात सांगितली आहे. गंभीर गैरवर्तन करणाऱ्यास स्पर्धेतून काढण्याचा अधिकारही संयोजकांना आहे. पण केवळ शिक्षेच्या भयाने हा खेळ एक दिवसही चालणार नाही. कारण शिक्षा देणाऱ्यास मुळात गुन्हा दिसलाच पाहिजे, आणि झाडीमागचे त्याला दिसत नाही.

जोन्सची कथा मात्र अजून पुरी झालेली नाही. ज्या सेंट अँड्रूजच्या मैदानावरून तो रागाने निघून गेला होता, तेथेच त्याने १९२७ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली. १९३० मध्ये त्याने एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिका येथील चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. पुढे मज्जारज्जूच्या आजाराने त्याला नीट चालताही येईनासे झाले. अशा स्थितीत १९५८ मध्ये तो सेंट अँड्रूजला आला. त्या गावाने त्याला आपले सन्माननीय नागरिकत्व अर्पण केले. हा मान त्यापूर्वी १७५९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना मिळाला होता. त्यानंतर तो मिळवणारा जोन्स हा पहिलाच अमेरिकन. अपमान करून गेलेल्या मुलाला त्याच गावाने सदतीस वर्षांनी आपला म्हणून जवळ घेतले.

गोल्फ खेळण्याची संधी सर्वांनाच मिळेल असे नाही. पण पंच नसलेली मैदाने प्रत्येकाच्या वाट्याला येतात. परीक्षेच्या खोलीतून शिक्षक क्षणभर बाहेर जातात, ते असे एक मैदान. दुकानदाराकडून चुकून दहा रुपये अधिक परत येतात, ते असे दुसरे मैदान. वाचनालयाच्या पुस्तकाचे पान आपल्या हातून फाटते आणि ते कोणी पाहिलेले नसते, ते असे तिसरे मैदान. तेथे शिटी वाजत नाही, बोट वर होत नाही. अशा वेळी आपला टोला आपणच मोजावयाचा असतो, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी वाळू सपाट करूनच पुढे जावयाचे असते.